मदत हवी आहे: हाताने ढकलायच्या जुन्या लॉन मोअरची पाती नाशिकमध्ये कुठे मिळतील किंवा करून मिळतील?

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडवरील आमच्या घरासमोर साधारण ६०० चौरस फुटांची हिरवळ आहे आणि ती गेली अनेक वर्षे हाताने ढकलायच्या १२ इंची लॉन मोअरने कापली जाते. देवळाली कॅम्पमधील एका जुन्या बंगल्याचे सामान विकायला निघाले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी हे यंत्र घेतले होते. त्याच्या बिडाच्या बाजूवर ‘क्वालकास्ट’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही ओतीव अक्षरे अजून स्पष्ट वाचता येतात. सासरे आता नाहीत. परंतु दसऱ्याला यंत्र पुसून, तेल घालून त्याला झेंडूचे फूल वाहण्याची त्यांची पद्धत आम्ही चालू ठेवली आहे, आणि ते भंगारात जावे असे घरात कोणालाही वाटत नाही.

ज्यांनी असे यंत्र हाताळलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पंख्यासारखे फिरणारे एकच पाते नसते. पाच पिळदार पात्यांचे एक रीळ चाकांच्या गतीने फिरते आणि त्याखाली एक सपाट पाते बिडाच्या पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवलेले असते. गवत या दोहोंमध्ये सापडून कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांनी १८३० साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि लोकरी कापडावरचे तंतू छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यांना ती सुचली होती. म्हणूनच फिरती पाती कितीही धारदार असली, तरी खालच्या पात्याची कड गोल झाली की सगळे व्यर्थ ठरते.

आमचे नेमके तेच झाले आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गवत कापले जाण्याऐवजी चावल्यासारखे तुटू लागले, आणि दोन दिवसांनी गवताच्या प्रत्येक पात्याचे टोक पिवळे पडून पूर्ण हिरवळीवर तांबूस झाक येऊ लागली. खालचे पाते काढून पाहिले, तेव्हा त्याची कड मधोमध खोलगट झालेली दिसली आणि डाव्या बाजूला खडा अडकून पडलेली नखाएवढी खाच होती. रीळही व्हर्निअरने मोजले: डाव्या टोकाला व्यास १२६ मिलिमीटर आणि उजव्या टोकाला १२३.५ मिलिमीटर भरला, म्हणजे ते एका बाजूला निमुळते झिजले आहे. खालचे पाते ३१० मिलिमीटर लांब, ३२ मिलिमीटर रुंद आणि एक सूत जाड असून त्याला पाच भोके आहेत. ती समान अंतरावर नसल्यामुळे मी पात्याचा पुठ्ठ्यावर साचा काढून ठेवला आहे.

रविवार कारंजा परिसरात आणि मेन रोडवर चौकशी केली, तर बहुतेक ठिकाणी विजेवर चालणाऱ्या यंत्राचे मधोमध एकच भोक असलेले पाते पुढे केले गेले, ज्याचा येथे काहीही उपयोग नाही. एका दुकानात पाते मिळाले नाहीच, उलट झिजलेल्या स्क्रूऐवजी ६ मिलिमीटरचा स्क्रू पान्याने बळेच बसवून दिला. मूळ आटे पाव इंची, म्हणजे ज्याला दुकानात दोन सुती म्हणतात ते, आणि इंचाला २० या हिशेबाचे आहेत. नव्या स्क्रूच्या आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर आणि जुन्यांमधले १.२७ मिलिमीटर. परिणामी बिडातील त्या भोकाचे आटे गेले आहेत. ही चूक मी समोर उभी असताना झाली आणि मला वेळीच थांबवता आली नाही, याचे फार वाईट वाटते.

तेव्हा विनंती अशी की, सातपूर किंवा अंबड येथे असे एकच पाते मापाबरहुकूम करून देणारे कोणी आपल्या माहितीत असल्यास कृपया सांगावे, त्यासाठी कोणते स्टील मागावे तेही कळवावे, आणि निमुळते झालेले रीळ घासून सरळ होईल की ते बदलावेच लागेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. नवे यंत्र घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

प्रतिसाद १

ट्रकचा जुना कमानपाटा घेऊन लोहाराकडून पाते करून घ्यावे. मुंबई-आग्रा महामार्गालगत कमानपाटे बदलणाऱ्यांकडे तुकडे सहज मिळतात आणि ते स्टील उत्तम असते.

प्रतिसाद २

ताई, मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूल रूममध्ये बरीच वर्षे काम केले आहे. वरील सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे, परंतु कमानपाटा आपल्या पात्यापेक्षा पुष्कळ जाड आणि किंचित वाकलेला असतो. तो एक सुतापर्यंत घासून सपाट करणे म्हणजे बारा आणे स्टील फेकून देणे. शिवाय पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या, पाट्याला साध्या ड्रिलने भोक पडत नाही. आपण ‘ओएचएनएस’ची, म्हणजे तेलात बुडवून कठीण करायच्या हत्यारी स्टीलची, पट्टी मागा, कोणत्याही टूल रूममध्ये हे नाव सांगितले की पुरते. ती नरम असतानाच कापून भोके पाडावीत, स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या खाली बसेल इतकी भोकांची तोंडे रुंद करावीत, मग तापवून तेलात बुडवून पाणी द्यावे आणि नंतर पुन्हा बेताने तापवून, म्हणजे उतरवून, ठिसूळपणा काढावा. पातळ आणि लांब पट्टी पाणी देताना हमखास थोडी वाकते, म्हणून जाडीत अर्धा मिलिमीटर जास्त ठेवून शेवटी सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्यावी. हा टप्पा वगळू नका. पाते बिडावर पूर्ण टेकले नाही तर स्क्रू आवळताना तडकते.

रीळ अजिबात बदलू नका. सिलिंड्रिकल ग्राइंडरवर दोन केंद्रांमध्ये धरून ते घासले की दोन्ही टोके १२३.५ला येतील, म्हणजे त्रिज्येत सव्वा मिलिमीटर जाईल आणि तेवढे खालचे पाते वर सरकवून भरून निघेल. मात्र ग्राइंडिंगला देण्यापूर्वी दोन्ही टोकांचे छर्रे, म्हणजे बेअरिंगमधील गोळ्या, तपासा. आस ढिला असेल तर रीळ पुन्हा निमुळते झिजेल, कारण मुळात ते तसे होण्याचे कारण बहुधा तेच आहे.

आटे गेलेल्या भोकात ६.८ मिलिमीटरचे ड्रिल फिरवून ८ मिलिमीटरचा टॅप मारा, म्हणजे नवे आटे पडतील. बाकीच्या चार भोकांना हात लावू नका.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उजव्या बाजूच्या कपातील छर्रे खरोखरच झिजलेले निघाले आणि एक तर अर्धा फुटलेला होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानात त्याच मापाचे छर्रे मिळाले. सातपूरला एका लहान कारखान्यात पाते आणि रीळ दोन्ही कामे झाली. त्यांनी साच्यावरून भोके पाडली आणि पाचवे भोक अर्धा मिलिमीटर चुकले होते, ते नरम असतानाच लक्षात आल्याने दुरुस्त करता आले.

पाते बसवल्यावर गॅरेजमध्ये वॉल्व्हसाठी वापरतात ती लॅपिंग पेस्ट लावून रीळ उलटे फिरवले, मग पेस्ट रॉकेलने धुऊन वर्तमानपत्राची पट्टी धरली. ती जवळजवळ संपूर्ण लांबीत एकसारखी कापली गेली. डाव्या टोकाला दोन बोटे जागेत मात्र कागद आधी दुमडत होता, तेथे समायोजनाचा स्क्रू पाव आटा फिरवताच तोही सुटा कापला गेला. काल सकाळी दव वाळल्यावर हिरवळ कापली आणि आज टोके हिरवीच आहेत.

पात्याचा पुठ्ठ्याचा साचा आणि पाच भोकांमधील मापे मी जपून ठेवली आहेत. कोणाकडे हेच १२ इंची यंत्र असल्यास येथे लिहावे, मापे देता येतील.