परदेशी विमान प्रवासात तुमचा हक्क तुम्ही कसा मिळवलात? अनुभव सांगा

रावपुरा_वाडा:
काल रात्री खालच्या मजल्यावरच्या वहिनी फोन घेऊन धावत वर आल्या. त्यांची मुलगी टोरंटोला उतरली आणि दोनपैकी एक बॅग पट्ट्यावर आलीच नाही, काउंटरवरचा माणूस म्हणतोय तुम्ही घरी जा, आम्ही मेल करू. मी सरळ मुलीशीच बोलले, म्हटलं पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याच्या तक्रारीचा फॉर्म भर, त्याचा नंबर हातात पडल्याशिवाय तिथून हलू नकोस. भरला तिने. पण तेव्हापासून माझ्या ताईची गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून लिहितेय.

२०२२ च्या उन्हाळ्यात ताई लंडनहून बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आली. आठवत असेल, त्या वर्षी युरोपातल्या विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले होते. अहमदाबादला उतरली तर बॅग नाही, आणि त्यात तिची लग्नातली पैठणी, आईसाठी घेतलेलं स्वेटर, सगळ्यांच्या भेटी. तिलाही हेच सांगितलं, उद्याच्या फ्लाइटने येईल, फॉर्मची गरज नाही. ताई बँकेतली, कागदाशिवाय हलणारी नाही. पीआयआर घेतला, बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग जपून ठेवला, मग मंगळबाजारातून कपडे घेतले त्याची बिलं ठेवली, अगदी टूथब्रशचं सुद्धा. बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस झाले की ती हरवली असंच धरायचं असा माँट्रियल कराराचा (परदेशी विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आहे, तोपर्यंत कंपनी नुसतं शोधतोय शोधतोय म्हणत राहिली. नंतर मेल आला की किलोला २० डॉलर प्रमाणे पैसे देऊ, म्हणजे २३ किलोचे पस्तीस-छत्तीस हजार. हा हिशेब जुन्या वॉर्सा कराराचा, १९२९ चा! ताईने उलट लिहिलं की भारत आणि ब्रिटन दोघंही माँट्रियल करारात आहेत, आपल्याकडे तो २००९ पासून लागू आहे, त्याच्या २२ व्या कलमात प्रवाशाच्या बॅगेसाठी वजनाचा संबंधच नाही, प्रवाशामागे १,२८८ एसडीआर पर्यंत मर्यादा आहे (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, तेव्हाच्या भावाने सव्वा लाखाच्या वर). आत काय काय होतं त्याची यादी दिली, बिल नाही त्या वस्तूंचे फोटो दिले, पैठणीसाठी लग्नाचा अल्बम. बरेच मेल झाले पण मर्यादेच्या जवळपास पैसे आले. पैठणी गेली ती गेलीच, त्याचं आईला अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा प्लीज. अर्धं बडोदं परदेशात आहे, कुणाच्या तरी कामी येईल.

अलकापुरी_काकू:
अगं पैठणी चेक-इनच्या बॅगेत कशाला टाकतात या मुली, मी तर माझ्या सुनेला सांगून ठेवलंय की सोनं, चांदी, पैठणी, औषधं सगळं केबिनमध्ये. पण वाईट झालं गं. कुठल्या रंगाची होती?

रावपुरा_वाडा:
काकू, मोरपिशी, लाल काठाची. येवल्याहून आणलेली.

अलकापुरी_काकू:
अरेरे. तशी आता मिळतही नाही.

मांजलपूरकर:
आमची बॅग आली पण दोन चाकं गायब आणि हँडल उखडलेलं. काउंटरवाली म्हणे चाकं वगैरे आम्ही धरत नाही, तिकिटावर तसं लिहिलंय. लिहू दे ना काय लिहायचं ते! कराराच्या २६ व्या कलमात स्पष्ट आहे, जबाबदारी झटकणारी किंवा मर्यादा कमी करणारी अट रद्दबातल. बॅग मुळातच सदोष असेल तरच ते सुटू शकतात, आमची तर नवी कोरी होती, खरेदीचं बिल घरी. फोटो काढले, तिथल्या तिथे रिपोर्ट केला आणि शिवाय मेलही टाकला कारण डॅमेजची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखीच लागते. नवीन बॅगेचे पैसे मिळाले.

कारेलीबागवाला:
मर्यादा वाढलीय हे सांगून ठेवतो, २८ डिसेंबर २०२४ पासून बॅगेसाठी १,५१९ एसडीआर, म्हणजे आजच्या भावाने पावणेदोन लाखांच्या वर. ही कमाल आहे, प्रत्येकाला एवढे मिळतात असं नाही, तुमचं जेवढं नुकसान सिद्ध होईल तेवढं. आणि कुणी खरंच महागडी वस्तू नेत असेल तर चेक-इनच्या वेळीच किंमत जाहीर करता येते, जास्तीचे पैसे भरून, मग मर्यादा तेवढी वाढते. माझ्या भावाने सतार नेली तेव्हा केलं होतं.

सयाजीबाग_वॉकर:
सतार? कुठे शिकतो भाऊ? आपल्या म्युझिक कॉलेजात होता का?

कारेलीबागवाला:
हो हो, सुरसागरसमोरच. आता न्यू जर्सीत क्लास घेतो.

सयाजीबाग_वॉकर:
वा! मीही तिथेच तबला केला. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

फतेगंज_लेक:
माझा अनुभव उशिराचा आहे. हॅम्बुर्गहून फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्टहून मुंबई, एकाच तिकिटावर. पहिलं विमानच निघालं नाही, तांत्रिक बिघाड म्हणून, त्यामुळे पुढचं चुकलं आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी पोचले, तिथून बडोद्याची ट्रेन पण गेली. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ नंबरचा नियम आहे त्यात शेवटच्या ठिकाणी तुम्ही किती उशिरा पोचलात ते बघतात, ३ तास किंवा जास्त आणि अंतर ३,५०० किमीच्या वर म्हणजे ६०० युरो. कंपनीने लिहिलं की तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती. पण युरोपच्या कोर्टाने २००८ लाच सांगून ठेवलंय की नेहमीच्या देखभालीत सापडणारे बिघाड त्यात बसत नाहीत. मी तेवढंच लिहिलं आणि त्यांच्याकडच्या तक्रार संस्थेत जाईन म्हटलं, पैसे आले. आपल्याकडच्या लोकांना वाटतं हे फक्त तिकडच्या नागरिकांसाठी आहे, अजिबात नाही, पासपोर्ट कुठलाही असो. युरोपातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान चालतं. इथून युरोपला जाताना मात्र विमान युरोपियन कंपनीचंच पाहिजे. रात्रीचं हॉटेल, जेवण तर त्यांना द्यावंच लागतं, बर्फ पडला तरी.

हरणी_रोड:
मुंबई, अहमदाबाद, दिल्ली... बडोद्याहून थेट परदेशी फ्लाइट कधी होणार ते सांगा कुणीतरी. २०१६ ला एवढं मोठं टर्मिनल झालं, आम्ही बाल्कनीतून विमानं बघतो आणि दुबईला जायला मध्यरात्री एक्सप्रेसवेने अहमदाबाद.

दांडिया_बाजार:
खरंय. टॅक्सीवाला परतीचेही पैसे घेतो.

हरणी_रोड:
नवरात्रात तर टॅक्सी मिळतच नाही!!

गरबा_आणि_गौरी:
नवरात्रावरून आठवलं, दोन्ही मुलींच्या चणियाचोळीची बॅग दोह्यात राहिली होती. ह्यूस्टनहून दोहा, दोह्याहून दिल्ली, दिल्लीहून बडोदा. शेवटचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा. बडोद्याचे म्हणतात आमच्याकडे बॅग आलीच नाही त्यांना विचारा, ते म्हणतात शेवटच्या कंपनीला विचारा, आणि इकडे गरबा सुरू झाला, मुली रडवेल्या. माझे मिस्टर म्हणाले दोघांनाही एकच मेल टाक. टाकला. त्यात लिहिलं की माँट्रियल कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे बॅगेसाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्याकडे असताना बॅग गेली ती, कुणालाही आम्ही धरू शकतो, आपसात काय ते तुम्ही बघा. मग जागे झाले. तिकीट सगळं एकच होतं म्हणून दिल्ली-बडोदा हा देशातला तुकडा पण आंतरराष्ट्रीय प्रवासातच धरला जातो, हे लक्षात ठेवा, वेगवेगळी तिकिटं काढली की हे बहुतेक वेळा उडतं. बॅग अष्टमीला आली. उशिराची तक्रार बॅग मिळाल्यापासून २१ दिवसांत करायची असते ती केली आणि मधल्या काळात भाड्याने आणलेल्या चणियाचोळीचे पैसे घेतले.

अलकापुरी_काकू:
अष्टमीला आली म्हणजे देवीच पावली. मुली नाचल्या ना शेवटी?

गरबा_आणि_गौरी:
पहाटेपर्यंत काकू!

पाणी_आलं:
वाचतेय, नळ आलाय, नंतर लिहिते.

निवृत्त_वकील_काका:
चांगला धागा. थोडं कायद्याचं सांगतो कारण लोक इथेच मार खातात. करारात दावा दाखल करायला २ वर्षं आहेत, पोचल्याच्या किंवा पोचायला हवं होतं त्या तारखेपासून. ही मुदत कंपनी मेलामेलीत सहज घालवते, म्हणून कॅलेंडरवर खूण करा. दुसरं, दावा कुठे? कंपनीचं मुख्य ठिकाण, जिथे तिकीट काढलं तिथलं तिचं ऑफिस, किंवा प्रवासाचं अंतिम ठिकाण. जाऊन-येऊन तिकीट असेल तर अंतिम ठिकाण म्हणजे जिथून निघालात तेच, म्हणजे अहमदाबाद-लंडन-अहमदाबाद असेल तर अहमदाबाद. आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्याने राहत्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, मात्र परदेशी कंपनी असेल तर ती अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतेच, तेव्हा आधीच तयारी ठेवा. तिकिटाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही. त्याआधी एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, फुकट आहे. आणि हो, निव्वळ मनस्ताप म्हणून या करारात पैसे मिळत नाहीत, झालेला खर्च आणि नुकसान दाखवा.

दांडिया_बाजार:
काका, सीट असूनही चढू दिलं नाही तर? माझ्या साडूला दुबईला जाताना गेटवर थांबवलं, विमान ओव्हरबुक म्हणे.

निवृत्त_वकील_काका:
आपल्या देशातली कंपनी असेल तर डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा नियम आहे. एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,०००, त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,०००. साडूंना सांगा बोर्डिंग नाकारल्याचं लेखी मागा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

सयाजीबाग_वॉकर:
एक गंभीर गोष्ट लिहितो, कुणाला त्रास झाला तर माफ करा. जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर आमच्या सोसायटीतही दुःख आलं. त्या दिवसांत नातेवाईकांसमोर कागद आले की सगळे सह्यांसाठी बघत बसायचे, कुणाला काही सुचत नव्हतं. तेव्हा कळलं ते लिहितो. याच माँट्रियल करारात मृत्यू किंवा इजेसाठी १,५१,८८० एसडीआर पर्यंत कंपनीला 'आमची चूक नव्हती' असं म्हणून सुटता येत नाही. त्याच्या वरची रक्कम मागितली तर निष्काळजीपणा आपला नव्हता हे कंपनीलाच सिद्ध करावं लागतं. कुटुंबाला प्रवाशाच्या कायमच्या राहण्याच्या देशातही दावा करता येतो, कंपनीचं तिथे येणं-जाणं आणि कामकाज असेल तर. मंगळूरच्या २०१० च्या अपघातातल्या एका कुटुंबाला सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये व्याजासह ७.६४ कोटी मान्य केले, पण त्यासाठी दहा वर्षं गेली. घाईत पूर्ण आणि अंतिम अशा कुठल्याही कागदावर सही करू नका, वकिलाला दाखवा, एवढंच.

रावपुरा_वाडा:
काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या ओळखीचंही एक घर आहे. अजून जेवणाच्या वेळी त्यांचं ताट वाढलं जातं.

अलकापुरी_काकू:
🙏

पाणी_आलं:
आले. माझं हक्काबिक्काचं नाही, सासूबाईंचं आहे. त्या एकट्या सिडनीला गेल्या, इंग्रजी नाही, गुजराती-मराठी फक्कड. आम्ही व्हीलचेअर आधीच मागून ठेवली होती तिकिटासोबत, आणि एका कार्डावर मुलाचा पत्ता, फोन, औषधं, 'मला पाणी हवं', 'मला गेटवर न्या' असं सगळं इंग्रजीत लिहून गळ्यात. सिंगापूरला एका मदतनीस पोराला त्यांनी डब्यातल्या दशम्या खाऊ घातल्या! आजूबाजूला कुणाच्या आईबाबांना पाठवायचं असेल तर कार्ड नक्की करा. आणि परतीला व्हीलचेअरची परत आठवण करा, ती कंपनी विसरली होती.

मांजलपूरकर:
दशम्या कस्टमने सोडल्या??

पाणी_आलं:
सिडनीला पोचायच्या आतच संपल्या ना!

फतेगंज_लेक:
टोरंटोच्या मुलीसाठी ताई, कॅनडाचेही स्वतःचे नियम आहेत, २०१९ पासून. मोठी कंपनी असेल आणि उशीर तिच्या हातातल्या कारणाने असेल, सुरक्षेसाठी नव्हे, तर ३ तासांना ४००, ६ तासांना ७००, ९ तासांच्या पुढे १,००० कॅनेडियन डॉलर, वर्षाच्या आत मागायचे. विमान उशिरा पोचलं होतं का विचारा.

रावपुरा_वाडा:
अगं थँक्यू, वहिनींना आत्ताच पाठवते हे.

न्यू_व्हीआयपी_रोड:
पहिल्यांदाच लिहितेय. मस्कतहून आले, बॅग मिळाली पण चेन कापलेली आणि मुलाचा टॅबलेट आणि परफ्यूमची दोन पाकिटं नाहीत. विमानतळावर कुणीच नव्हतं रिपोर्ट घ्यायला, पहाटे तीन वाजले होते. उद्या सातवा दिवस. आता काही होईल का?

निवृत्त_वकील_काका:
होईल, पण आज रात्रीच पाठवा, उद्यावर टाकू नका. कंपनीच्या तक्रारीच्या मेलवर आणि त्यांच्या वेबसाइटच्या फॉर्मवर, दोन्हीकडे. फ्लाइट नंबर, तारीख, पीएनआर, टॅग नंबर, काय गेलं, किंमत, बिलं, कापलेल्या चेनचे फोटो. काउंटरवर त्या वेळी कुणी नव्हतं हेही लिहा. कंपनी म्हणेल इलेक्ट्रॉनिक्स चेक-इनमध्ये ठेवायचंच नव्हतं, म्हणू दे, मांजलपूरकरांनी २६ वं कलम सांगितलंय ते तिथे चालवून बघा. शिवाय चोरी आहे, पोलिसात तक्रार द्या.

कारेलीबागवाला:
आणि बॅगेचं वजन चेक-इनला किती लिहिलं होतं ते टॅगवर असतं. आता घरी वजन करून बघा, फरक दिसला तर तोही टाका मेलमध्ये.

न्यू_व्हीआयपी_रोड:
बाथरूममधल्या काट्यावर केलं, अडीच किलो कमी भरतंय. मेल गेला, फॉर्मही भरला, रेफरन्स नंबर आलाय. पोलिसांचं उद्या सकाळी मिस्टर जाणार आहेत.