शब्दचर्चा : ‘साक्ष’ आणि ‘सुवार्ता’ या शब्दांत बोलणे अंतर्भूत आहे का?

प्रश्न (जालना)

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात ‘साक्ष’ या शब्दावरून बराच वाद झाला. उपासनेत कोणी उभे राहून प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगितले, की त्याने ‘साक्ष दिली’ असे आपण म्हणतो. अलीकडे मात्र ‘माझे आयुष्य हीच माझी साक्ष’ असे म्हणून न बोलण्याचे समर्थन केले जाते, आणि ‘सुवार्ता नेहमी सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ हे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर फिरणारे वाक्य त्यासाठी पुढे केले जाते. हा वापर शब्दार्थाला धरून आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, वादाचे मूळ ‘साक्षी’ या शब्दातच आहे. पाणिनीने हा शब्द ‘साक्षात् पाहणारा’ या अर्थी सिद्ध केला आहे. वेदान्तातला साक्षी तर काही करत नाही आणि काही बोलतही नाही, तो केवळ पाहतो. ‘साक्षीभाव’ म्हटले की आपल्या मनात अशीच अलिप्त, निःशब्द स्थिती उभी राहते. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’ मात्र न्यायालयातला आहे. जे पाहिले ते लोकांसमोर सांगणारा, असा त्याचा अर्थ आहे, आणि मराठीतील ‘साक्ष देणे’ हा प्रयोगही त्याच घरचा आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती, म्हणून आपल्याकडची जुनी माणसे ‘गवाही’ म्हणत. पिंजऱ्यात उभा राहून मुका राहिलेल्या गवाहाने काय पाहिले होते, याचा कोणालाच उपयोग होत नसे. पुढे याच ग्रीक शब्दाला ‘श्रद्धेसाठी प्राण देणारा’ असा अर्थ आला. तो आला, कारण ती माणसे बोलली होती आणि बोललेले मागे घ्यायला तयार झाली नाहीत.

‘सुवार्ता’ हा शब्द मला याहून महत्त्वाचा वाटतो. वार्ता, वृत्त, वर्तमान (कॅथलिक बांधवांच्या ‘शुभवर्तमान’मधले) आणि वर्तन हे सगळे शब्द ‘वृत्’ या एकाच धातूपासून आले आहेत. वार्ता आणि वर्तन ही सख्खी भावंडे आहेत, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. तरीही दोघांची कामे निराळी आहेत. वर्तन दिसते, वार्ता ऐकावी लागते. पैठणचे जायकवाडी धरण भरले, ही मराठवाड्यातली केवढी मोठी सुवार्ता असते, हे वेगळे सांगायला नको. परभणीच्या शेतकऱ्याच्या बांधावर कालव्याचे पाणी पोहोचायला वेळ असतो, पण ‘धरण भरले’ हे शब्द कानावर पडताच तो रब्बीचा विचार करू लागतो. शेजारी कितीही सज्जन असला, तरी त्याच्या सज्जनपणाकडे पाहून धरण भरल्याचे कोणाला कळणार नाही. ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान ही घडून गेलेली गोष्ट आहे, असा ख्रिस्ती विश्वास आहे. म्हणून ती सांगावी लागते, आणि नव्या करारातील पत्रलेखक प्रेषित पौलानेही रोमकरांस लिहिताना विश्वासाचा संबंध ऐकण्याशीच जोडला आहे. अर्थात नुसती वार्ता आली आणि कालवा कोरडाच राहिला, तर पुढच्या वर्षी त्या वार्तेवर कोण विश्वास ठेवील? (कालव्याला पाणी सोडण्याला आपण ‘आवर्तन’ म्हणतो, तो शब्दही ‘वृत्’पासूनच आला आहे.)

फ्रान्सिस यांच्या नावावरचे ते वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. त्यांनी आपल्या संन्यासी बंधूंसाठी केलेल्या 1221 च्या नियमावलीत ‘सर्व बंधूंनी कृतीने प्रचार करावा’ असा आशय जरूर आहे. पण ते स्वतः गावोगाव उपदेश करत, आणि 1219 मध्ये इजिप्तच्या सुलतानापुढे जाऊनही बोलले. आपल्या जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री हेही उपदेशक होते. गाव वसवणे आणि उपदेश करणे यांपैकी एक निवडण्याचा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

पुन्हा प्रश्न (जालना)

सर, मनःपूर्वक आभार. तरीही एक अडचण उरते. आमच्या भागात ‘बोलाचाच भात, बोलाचीच कढी’ असे ऐकवणारे पुष्कळ आहेत, आणि शब्दांनी सांगणे म्हणजे कोणाच्या तरी गळ्यात श्रद्धा मारणे, असाही समज आहे. मग कधी बोलावे?

उत्तर (नांदेड)

मी तीस वर्षे परिचारिका होते, म्हणून शब्दकोशातले नव्हे, वॉर्डातले सांगते. रात्रभर जागून ज्यांची सेवा केली, अशा एका आजींनी सकाळी माझा हात हातात घेऊन म्हटले, “बाई, तुझं मागच्या जन्मीचं पुण्य मोठं आहे.” मी हसून गप्प राहिले. घरी आल्यावर ते गप्प राहणे मला बोचू लागले, कारण आजींनी सारे श्रेय मला दिले होते आणि मी ते ठेवून घेतले होते. कृतीला स्वतःचा अर्थ सांगता येत नाही. पाहणारा आपल्या जवळचा अर्थ तिला लावतो, आणि त्यात आजींची काही चूक नव्हती. आजारी माणूस आपल्या हाती असताना आपण होऊन धर्माचा विषय काढणे मला तेव्हाही अयोग्य वाटे आणि आजही वाटते. त्याला नको म्हणण्याची मोकळीक कुठे असते? परंतु कोणी आपण होऊन विचारले, तर आपल्या आशेचे कारण सौम्यपणे व आदराने सांगावे, असे नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. त्या वचनात विचारणारा आधी येतो, हे मला फार उशिरा लक्षात आले.

पुढे एका रुग्णाच्या मुलाने विचारले, “सिस्टर, तुम्ही एवढं का करता?” तेव्हा मी म्हणाले, “येशूने माझ्यावर आधी प्रेम केलं, म्हणून.” तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग वडिलांच्या उशाशी जाऊन बसला.