टास्क शेड्युलर: लाईट गेली की बॅकअप होत नाही

खानापूर: मंडळी, दुकानाच्या लॅपटॉपवर विंडोज ११. टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय) रोज रात्री ९ ला एक बॅच फाईल (आज्ञांची छोटी फाईल) चालवतो, ती हिशेबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करते. डबल क्लिक केलं की चालते, पण लाईट नसली की टास्क सुरूच होत नाही. काय बघू?

निपाणी: त्या टास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंडिशन्स' टॅब बघा की. एसी पॉवर (म्हणजे लाईट) असेल तरच सुरू करा, ही खूण आधीपासूनच असते. तिच्याखाली बॅटरीवर गेल्यास थांबवा, अशी दुसरी. आधी खालची काढा, मग वरची. उलट केलं तर खालची फिकट होऊन लागूच राहते आणि कॉपी मधेच तुटते. 'सेटिंग्ज'मध्ये चुकलेली वेळ लवकरात लवकर भरून काढायची खूण करा. रात्री मशीन बंद असलं तर सकाळी चालू केल्यावर साधारण १० मिनिटांनी टास्क चालतो.

बेळगाव: डेस्कटॉपवाल्यांनीही हे करावं. यूपीएस यूएसबी केबलनं जोडला असेल तर विंडोज त्याला बॅटरीच समजतं.

निपाणी: आणि पेनड्राइव्हचं अक्षर (E:, F: असं) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पक्कं करा. दुसरा ड्राइव्ह आधी लावला की अक्षर बदलतं, बॅच फाईल बसते शोधत. टास्कच्या 'ॲक्शन्स' टॅबमधल्या 'स्टार्ट इन'मध्ये बॅच फाईलच्या फोल्डरचा पत्ता टाका, अवतरणचिन्हं न देता.