मदत हवी आहे: पाकिटावर १ किलो, काट्यावर कमी. तक्रार कुठं करायची?

मांजराकाठ:
तूरडाळीची पाकिटं कमी भरायलीत. एखादं नाही, सगळीच. दुकानदार म्हणायलाय, "मी काय पाकीट फोडून डाळ काढतो का? पॅक करणाऱ्याला विचारा." पाकिटावरचा नंबर कुणी उचलत नाही. पोलीस चौकीत गेलो तर हसले. लातूर म्हणजे डाळीचं गाव, आणि इथंच ही तऱ्हा! कुणाकडं जाऊ? लवकर सांगा.

बिंदुसरा:
किती कमी? कुठल्या काट्यावर? पाकीट बंद आहे का फोडलंय?

साधामाणूस:
एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला कळवा, एका फोनमध्ये सरळ होतात. आमच्या इथं पनीरवाल्याला असंच धरलं होतं.

बिंदुसरा:
पनीर भेसळीचं असेल. भेसळ, दर्जा एफडीएकडं. वजनाचं काम वैध मापन शास्त्र विभागाचं, म्हणजे आपलं वजनमापे खातं.

मांजराकाठ:
९६५ ग्रॅम. घरातला काटा. बंद पाकीट, प्लास्टिकसकट.

गोदाकाठची:
प्लास्टिकसकट ९६५ म्हणजे आत त्याहून कमी! छापायचं असतं ते निव्वळ वजन. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांत १ किलोच्या एखाद्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण लॉटची, म्हणजे एकत्र भरलेल्या सगळ्या पाकिटांची सरासरी छापल्यापेक्षा कमी चालत नाही. तुमचं तर ३५ च्या पुढं गेलं. एक करा, उरलेली पाकिटं फोडू नका. बॅच नंबर, पॅकिंगचा महिना, पत्ता दिसेल असे फोटो काढा. घरच्या काट्याला कुणी विचारत नाही, वजनमापे खात्याचा निरीक्षक स्वतःच्या काट्यावर तोलतो.

वकिलीबाणा:
१५ ग्रॅमचं कौतुक नको. तमिळनाडूत तिरुवल्लूरच्या ग्राहक आयोगात २०२३ ला एका बिस्किट कंपनीनं हेच तुणतुणं वाजवलं. ७६ ग्रॅमचा पुडा, भरला ७४, म्हणे साडेचार ग्रॅम कमी चालतात. आयोगानं ऐकलं नाही, १ लाख भरपाई लावली.

गोदाकाठची:
तो आयोगाचा निकाल झाला. निरीक्षक नियमांतला तुटीचा तक्ता बघूनच केस करणार.

वकिलीबाणा:
म्हणूनच सांगतोय, आयोगात जा. निरीक्षकानं केलेला दंड सरकारच्या तिजोरीत जातो, तुम्हाला दमडी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

माळरान:
डाळ पाकिटात घेताच कामून? मिलवरून पोतं आणा, वर्षभर बघायला नको.

सोयाबीनवाला:
आमची तेलाची १ लिटरची पिशवी ९१० ग्रॅमच भरते. दिवसाढवळ्या लुटायलेत.

बिंदुसरा:
तेल पाण्यापेक्षा हलकं असतं हो. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेलं असतं, वाचा जरा.

माळरान:
इथं उसाच्या गाडीमागं टनात काटा मारतात, आणि हे ग्रॅम मोजायलेत.

बिंदुसरा:
उसाला वेगळा धागा काढा राव. मांजराकाठ, बिल आहे का? आणि पॅक कुणी केलंय?

मांजराकाठ:
बिल कुठलं, उधारीची वही चालते. पॅकिंग गावातल्याच मिलचं. मिल दुकानदाराच्या मेव्हण्याची आहे.

गोदाकाठची:
हे आधी सांगायचं नाही का! मग पाकिटांचं सोडा, निरीक्षकाला थेट मिलचा पत्ता द्या. लॉट ४,००० च्या आत असला तर त्यातली ३२ पाकिटं काढून तोलतात. त्याला तुमचं बिल लागत नाही. वकिलीबाणा म्हणतात तसं आयोगात गेलात तर मात्र खरेदीचा पुरावा लागेल, वहीच्या पानाचा फोटो आजच घ्या. जिल्ह्याचं ऑफिस सापडेना तर १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मांजराकाठ:
वही त्याच्याच गल्ल्यात असते. मागितली की विचारणार, कशाला पाहिजे.

साधामाणूस:
हिशोब करायचाय म्हणा. मागची उधारी चुकती करतो म्हटलं की कुणीही वही काढतं.

सोयाबीनवाला:
तेलाचं राहिलंच. लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलंय, मग कमी भरलं तर भांडायचं कशावर?