बुद्धाच्या वाटेनं स्वतःला जपणं: मन स्थिर होतं की नुसतं गप्प बसतं?

सांजवारा: वर्षभर रोज सकाळी वीस मिनिटं आनापान करतेय. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. लांबवायचा नाही, रोखायचा नाही. काल वरिष्ठांचा खरमरीत मेल आला. दात आवळले गेलेत, कानशिलं तापलीत, हे उत्तर लिहायच्या आधीच लक्षात आलं. तासभर थांबले, मग लिहिलं. बुद्ध दोन बाणांचा दृष्टांत देतात: अंगाला झालेली वेदना हा पहिला बाण, तिच्यावर कुढत बसलं की मनाला लागतो तो दुसरा. स्वतःला जपणं म्हणजे हा दुसरा बाण चुकवणं, असं माझं मत. तुमचं?

रुजवण: थांबलात ते उत्तमच. पण पहिल्या बाणाचं काय? असे मेल रोजच येत असतील तर श्वास पाहत सोसत राहायचं का? अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीच्या, म्हणजे सजगतेच्या, जोडीला सम्यक वाचा आणि सम्यक आजीविकाही आहे, म्हणजे नीट बोलणं आणि नीट मार्गानं पोट भरणं. आपण सोयीचं तेवढं उचलतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सजगतेचा कार्यक्रम सुरू केला तो जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. तिथे धम्म बाजूला ठेवला, ते समजू शकतो. आपण शील, म्हणजे नीट वागणं-बोलणं, वगळून नुसती शांती मागतो, हे मला पटत नाही.

काठावरचा: मला वेगळीच भीती वाटते. मी हट्टानं रोज दोन-दोन तास बसायचो. झोप उडाली, घरच्यांवर खेकसू लागलो. सोण नावाचा भिक्खू पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करायचा. बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली: तार फार ताणली किंवा सैल सोडली तर सूर लागत नाही. मी वेळ पंधरा मिनिटांवर आणली, तेव्हा कुठे झोप परतली.

सांजवारा: रुजवण, सोसायचं असं मी म्हटलेलं नाही. त्या मेलला स्पष्ट नकारच कळवला, फक्त आवाज न चढवता. बांबूवर कसरत करणाऱ्या गुरु-शिष्यांची गोष्ट आठवते? गुरु म्हणतो, ‘तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो.’ शिष्य म्हणतो, ‘तुम्ही स्वतःला सांभाळा, मी मला सांभाळतो.’ बुद्धांनी शिष्यालाच बरोबर ठरवलं.

रुजवण: ठरवलं, पण लगेच पुढे म्हणाले की दुसऱ्याला जपलं की आपणही जपले जातो; आणि ते कसं, तर क्षमा, अहिंसा, मैत्री, करुणेनं. नकार कळवलात हे वाचून बरं वाटलं. पण तसाच मेल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही आला असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही बोलाल का?

सांजवारा: आला होता. मी अजून बोललेले नाही.