अनुभव धागा: ओव्ह्युलेशन (स्त्रीबीज सुटणं) कसं ओळखलंत?

लग्नाला वर्ष होत आलं की "काही गोड बातमी?" विचारणारे पुष्कळ भेटतात. पण नेमके दिवस कोणते, ते ओळखायचे कसे, हे सांगणारं घरात सहसा कुणी नसतं. चान्स घेणाऱ्या मैत्रिणींशी बोलताना जाणवलं की प्रत्येकीला थोडं थोडं माहीत आहे, पण ते एकत्र कुठेच नाही. म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत आणि काय उपयोगी पडलं, ते मोकळेपणाने लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. 'चौदावा दिवस' हा २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा हिशोब आहे. माझी पाळी ३५ दिवसांच्या आसपास येते. स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा असतो, तो फारसा हलत नाही. कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे माझं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. बीज टिकतं जेमतेम १२ ते २४ तास, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच कामाचे. मोबाइलमधलं अ‍ॅप मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं, त्याला तुमच्या शरीरात आज काय चाललंय ते कळत नाही. मी अंगावर जाणारं पाणी बघायला शिकले. एरवी कोरडं किंवा चिकट, मग हळूहळू पातळ, आणि बीज सुटायच्या सुमारास कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, बोटांत ताणलं जाणारं. खर्च शून्य, आणि माझ्यासाठी सगळ्यात भरवशाची खूण हीच ठरली.

नाशिक, शिक्षिका

लघवीवरून ओव्ह्युलेशन ओळखायच्या स्ट्रिप्सबद्दल लिहिते. प्रेग्नन्सीच्या स्ट्रिपवर दुसरी रेघ फिकट आली तरी ती धरतात. इथे तसं नाही. टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन) वाढलं असं समजायचं. तिथून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. सकाळच्या पहिल्या लघवीपेक्षा दुपारची बरी, आणि आधीचे दोन तास पाणी बेताचं प्यायचं. मी मधल्या सुट्टीत शाळेच्या बाथरूममध्ये तपासायचे, पर्समध्ये कागदी कप ठेवून. एकदा रेघ गडद आली आणि नवरा नेमका दौऱ्यावर! त्यानंतर रेघेची वाट न बघता त्या आठवड्यात एक दिवसाआड जवळ येण्याचं ठरवलं. तसंच राहिलं.

सांगलीजवळचा एक तालुका

मला पीसीओएस आहे (हार्मोन्सच्या गडबडीमुळे बीज वेळेवर सुटत नाही), त्यामुळे वरच्या ताईंसारखं स्ट्रिपवर विसंबता आलं नाही. माझी रेघ कधीही गडदच. डॉक्टरांनी सांगितलं की पीसीओएसमध्ये एलएच मुळातच जास्त असू शकतं. मग फॉलिक्युलर स्टडी सुरू केली. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड आतून सोनोग्राफी. बीजाची पिशवी रोज साधारण २ मिमी वाढते आणि १८ ते २४ मिमीच्या दरम्यान फुटते.

त्रास मापांचा नव्हता. एसटीने सांगली गाठायची आणि पोट पुढे आलेल्या बायकांमध्ये बसून आपला नंबर यायची वाट बघायची, ते अवघड जायचं. एका महिन्यात पिशवी वाढलीच नाही. परत येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रडू नगं, पुढच्या खेपेला मीच येते संगट." आणि आल्या, प्रत्येक वेळी. लेट्रोझोल, म्हणजे बीज वाढायला मदत करणाऱ्या गोळ्या, सुरू झाल्यावर पिशवी वाढली, फुटली. आता मुलगी बालवाडीत जाते. गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून स्वतः आणून घेऊ नका, त्या सोनोग्राफीवर लक्ष ठेवूनच देतात.

सोलापूर

सम दिवशी मुलगा, विषम दिवशी मुलगी, असा हिशोब मला दोन-तीन जणींनी दिला. त्याला काहीही आधार नाही. असल्या हिशोबापायी हातातले दिवस सोडू नका.

ठाणे, नवरा म्हणून लिहितोय

बायकोच्या रक्ततपासण्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात मी सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी, करून घेतलं. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस. माझा शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. तो कळला नसता तर ती महिनोन् महिने रेघा आणि तारखा बघत राहिली असती. घरच्यांना मीच सांगितलं की उपचार माझ्यावर चालू आहेत. त्या दिवसापासून तिला प्रश्न विचारणं बंद झालं. पुरुषांनो, ही तपासणी सगळ्यात सोपी आहे, सगळ्यात आधी करा.

नागपूर, नर्स

तापमान बघणाऱ्यांसाठी. बीज सुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. पण ते चढलेलं दिसतं तोवर दिवस निघून गेलेला असतो. दोन-तीन महिन्यांचा तक्ता ठेवला तर आपली चाल समजते, हाच त्याचा उपयोग. उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजायचं. माझ्यासारखी रात्रपाळी असेल तर आकडे इतके वरखाली होतात की मी ते सोडून दिलं आणि पाण्याच्या खुणांवर आले. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायच्या आधीपासून, हे आमच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते.

पुणे, वय ३६

पस्तिशीच्या आत असाल तर एक वर्ष, पुढे असाल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावं असं सांगतात. मी तसंच केलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक. पाळीच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन तपासलं, तेही ठीक आलं, म्हणजे बीज सुटतंय हे नक्की. अजून राहिलेलं नाही. आता ट्यूब्ज (गर्भनलिका) उघड्या आहेत का ते बघायला एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढायचा एक्स-रे, करायला सांगितलंय. खूप दुखतं का? एकटीने गेलं तर चालेल?

सांगलीजवळचा एक तालुका

ताई, मी केलीय. पाळी थांबल्यावर, बीज सुटायच्या आधी करतात. पाळीसारखी जोरात कळ येते, थोड्या वेळाने ओसरते. आधी गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवा, पॅड जवळ ठेवा, आणि एकट्या जाऊ नका.