हेगच्या 'होखस्खोल'मधील पदवीचे मोल किती?

प्रश्न: माझ्या मुलीला बारावीनंतर 'द हेग युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस'मध्ये इंग्रजी माध्यमातून शिकायचे आहे, परंतु डच लोक या संस्थेला विद्यापीठ न म्हणता 'होखस्खोल' म्हणतात असे कळल्यापासून मनात धास्ती आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: ताई, नेदरलँड्समध्ये संशोधनप्रधान विद्यापीठे आणि व्यवसायाभिमुख होखस्खोल असे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. दुसऱ्या प्रवाहातील पदवी साधारणतः ४ वर्षांची, २४० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असून कंपनीतील उमेदवारी हा तिचाच भाग असतो. तिला दुय्यम समजू नये.

उत्तर २: मी तिथेच शिकलो. हॉलंड्स स्पोर स्थानकापासून इमारत चालत काही मिनिटांवर आहे. पहिल्याच गटप्रकल्पात माझ्या मसुद्यातील चुका सहाध्यायांनी सर्वांदेखत स्पष्ट सांगितल्या, तेव्हा मी पार खजील झालो होतो. डच लोकांच्या अशा स्पष्टवक्तेपणामागे आकस नसतो, हे हळूहळू उमगले. विद्यार्थी म्हणून मिळालेला निवास परवाना टिकवण्यासाठी वर्षाच्या ६० श्रेयांकांपैकी किमान निम्मे मिळवावेच लागतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

उत्तर ३: पुढे डच संशोधन विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्यास बहुधा आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, त्याचा खर्च आताच हिशेबात धरावा.